अडीचशेव्या वर्षाचे नाणे: 'स्मारक', 'स्मृति' की आणखी काही?

प्रश्न: अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०२६ साली अडीचशे वर्षे. त्यानिमित्त नाण्यांवरची चित्रे बदलण्याची मुभा देणारा कायदा तिथे जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्यावर लिहिताना दोनदा अडलो. 'स्मारक नाणे' म्हटले की चौथरा आणि पुतळा दिसतो. 'स्मृतिनाणे' म्हणावे, तर स्मृतिदिनासारखे कुणीतरी गेल्यागत वाटते. शिवाय अडीचशेव्या वर्षाला एकच शब्द आहे का?

प्रतिसाद: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे. दीडशेला 'सार्धशताब्दी', तशी अडीचशेला 'सार्धद्विशताब्दी'. सार्ध म्हणजे अर्ध्यासह. व्याकरणात बसते, जिभेवर नाही. मथळ्यात मी तरी 'अडीचशेवे वर्ष' लिहीन. जाता जाता, दीडशेव्या वर्षी, १९२६ साली, त्यांनी सोन्याचे नाणे पाडले ते नेमके अडीच डॉलरचे!

प्रतिसाद: आधी नाणे कोणते ते ठरवा, मग शब्द. दोनशेव्या वर्षासाठी १९७३ साली कायदा झाला तेव्हा नेहमीच्याच पाव, अर्ध्या आणि एक डॉलरच्या नाण्यांची मागची बाजू बदलली. पाव डॉलरवर ढोलवाला आला, पुढच्या बाजूवर १७७६–१९७६ असे जोडसाल. ही नाणी गल्ल्यातून फिरली. दुसरा प्रकार निराळा. एखाद्या प्रसंगासाठी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, स्वतंत्र कायदा करते, नाणे दर्शनी किमतीपेक्षा महाग विकले जाते आणि वरची ठरावीक रक्कम कायद्यात नेमलेल्या संस्थेला मिळते. १९९९ पासून अशा विषयांना वर्षाला दोनचीच मर्यादा आहे. कायद्याने तेही चलनच, पण ते देऊन भाजी कोण घेणार? म्हणून पहिल्याला 'विशेष छापाचे चलनी नाणे', दुसऱ्याला 'स्मृतिनाणे'. दोघांना एकच शब्द लावला की वाचक फसतो.

प्रश्नकर्ता: हे पटले. मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबले होते. 'नाणी छापण्याचा कायदा' असे लिहिले होते.

प्रतिसाद: छापतात त्या नोटा. नाणी पाडतात! टांकसाळीत ठशाखाली धातूची चकती दाबून. 'टांकसाळ' मूळ 'टंकशाला', आणि टंक म्हणजे नाणेही, छिन्नीही. 'छापा-काटा'मधला छापा मात्र नाण्याचाच, त्यामुळे 'विशेष छाप' चालेल. 'नाणी जारी केली' हे हिंदीच्या वळणाचे. आपल्याकडे नाणे 'काढतात'.

प्रतिसाद: 'स्मारक' अगदीच टाकाऊ नाही हं. मुळात अर्थ 'आठवण करून देणारे' एवढाच. पुतळ्यांनी तो शब्द बळकावला, त्यात नाण्याचा काय दोष?