जॅकेट अंगावर आलं, पण पाण्याची समज गेली का?

वल्हेकरी

परवा पुतण्याच्या मोटरबोटीत बसलो. बसल्याबसल्या त्याने माझ्या अंगात लाइफ जॅकेट चढवलं, बकल लावलं, पट्टा ओढून पाहिला. मग स्वतः एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात स्टीअरिंग धरून सुसाट सुटला. हसावं की रडावं कळेना.

आमच्या वेळी जॅकेट नसायचं, मान्य. पण होडीत पाय ठेवायचा तो मधोमध, वाकून, दोन्ही कडा धरून. कुणी उभं राहिलं की ओरडा बसायचा. पाण्यावर वाऱ्याची काळसर शिरशिरी लांबून येताना दिसली की न सांगता वल्ही काठाकडे वळायची. आता तळ्यावर ते बघायला कुणाची मान वरच होत नाही. माझ्या मते सुरक्षितता अंगावर आली ती डोक्यातून उतरून. पटत नसेल तर झोडपा.

काठावरची

झोडपतेच. "आमच्या वेळी काही होत नव्हतं" हे सांगायला जे उरले तेच सांगतात, काका. आणि जॅकेट काही कालपरवाचं नाही. ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांसाठी कॉर्कचं जॅकेट १८५४ मध्येच तयार झालं होतं. हौशी लोकांना ते घालायची लाज वाटायची, एवढंच.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदी बघा. हौशी नौकाविहारात १९७३ मध्ये १,७५४ माणसं गेली, २०२३ मध्ये ५६४. दरम्यान नोंदणी झालेल्या होड्या जवळपास दुप्पट झाल्या. मधल्या काळात लोक शहाणे झाले म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. १९७१ च्या कायद्यानंतर कारखान्यांवर नियम आले. छोट्या मोटरबोटीवर किती माणसं, किती वजन याची पाटी आली, आणि पाणी भरलं तरी तरंगत राहावी म्हणून होडीच्या पोटात फोम आला. फोमला पाण्याची समज लागत नाही.

वल्हेकरी

आकडे छान आहेत, पण मेख नोंदणीत आहे. कयाक आणि उभ्याने वल्हवायच्या फळ्या बऱ्याच ठिकाणी नोंदवाव्याच लागत नाहीत, आणि गर्दी त्यांचीच वाढली आहे. फळी फुगवली, फोटो काढला, निघाले. वारा काठाकडून आत वाहतोय हे परत फिरताना कळतं. त्यांना कुठला फोम वाचवणार?

डुबकीराम

वाद चालू द्या, मी फक्त झालेलं सांगतो. थंडी सरत आली होती, ऊन कडक, पाणी मात्र गारठलेलं. वाकून दोरी ओढताना पडलो. मी चांगला पोहणारा, त्यामुळे जॅकेट सीटखाली. डोकं पाण्याखाली असतानाच छातीने आपोआप मोठा श्वास घ्यायला बघितलं. वर आलो तर धापेवर ताबाच नाही, हात मारायचं सुचेना. याला थंड पाण्याचा धक्का म्हणतात हे नंतर वाचलं. पहिलं मिनिट श्वासाचं असतं, पुढच्या दहाएक मिनिटांत हात-बोटं निकामी होतात. मित्राने कॉलर धरली तेव्हा माझ्या बोटांनी होडीची कड धरवत नव्हती. काका, यात समज कुठे उपयोगी पडते? आणि सीटखालचं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालून दाखवा एकदा.

वल्हेकरी

हे वाचून गप्प झालो. तरी गार पाण्याच्या दिवसांत होडीत वाकून दोरी ओढू नये, बसून ओढावी, हीसुद्धा समजच!

शिडवाला

दोघेही मुद्दा सोडून भांडताय. तळं बदललं ते इंजिनाने. ओले एविनरूडने १९०९ च्या सुमारास वल्ह्याच्या होडीला मागे अडकवायची मोटर विकायला काढली, तिथून शांतता संपली. आता तर मुद्दाम लाट उठवायच्या बोटी आल्यात. टाक्यांत पाणी भरून मागची बाजू खोल बुडवायची आणि उठलेल्या लाटेवर स्वार व्हायचं. ती लाट काठाची माती खाते, आणि माझी शिडाची होडी आडवी सापडली तर मलाही. शिवाय मागच्या फळीवर पाय सोडून बसणारे! इंजिनाचा धूर तिथेच साचतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस गुंगीत पाण्यात घसरतो आणि लोक म्हणतात बुडाला.

फुल थ्रॉटल

वेगवाल्यांची बाजू कुणी घेणार आहे का? तळं काही ध्यानाला बसलेल्यांच्या मालकीचं नाही. माझी मुलं लाटेमुळेच पाण्यावर आली, नाहीतर घरी स्क्रीन घेऊन बसली असती. काठापासून लांब, खोल पाण्यात लाट काढावी हे मान्य.

समज आमच्यातही असते, फक्त वेगळी. चालवणारा पडला तर बोट थांबत नाही, बऱ्याचदा गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, पंख्यासकट. म्हणून किल स्विचची दोरी, ओढली गेली की इंजिन बंद. एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याला. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना १ एप्रिल २०२१ पासून ती लावणं सक्तीचं आहे. काका, पुतण्याने तुमचं बकल तपासलं. त्याच्या मनगटाला दोरी होती का?

वल्हेकरी

आत्ताच फोन करून विचारलं. दोरी आहे म्हणाला. डब्यात. पिशवी अजून फोडलेली नाही.

रविवारी पुन्हा जाणार आहे, त्याच्या शेजारी बसून पिशवी फोडायला. जॅकेट घालूनच जाईन, काठावरच्या बाईंनी नोंद घ्यावी.