वैशाखात तुमच्या फुलझाडांचं शिंपणं कोण करतं?

गुहागर

पाडव्यापर्यंत आमची विहीर बरी होती. आता सकाळी पंप अर्धा तास चालला की फुसफुसायला लागतो, मग झरे भरायची वाट बघायची. त्या पाण्यात पहिला मान पोफळींचा, म्हणजे सुपारीच्या झाडांचा, दुसरा नव्या माडांचा. फुलझाडं रांगेत शेवटी. सासरे म्हणतात, "फुलं काय खायची आहेत?" आणि पहाटे परडी घेऊन अनंताच्या झाडापाशी पहिले तेच उभे असतात!

यंदा मी घरातल्यांना कामाला लावलं. तांदळाचं धुवण जाऊबाई मोगऱ्याला घालतात. न्हाणीचं पाणी साबणाचं, म्हणून ते फक्त केळीला. मुलगा आणि पुतण्या यांनी मागच्या पडवीत साठलेली नारळाची सोडणं (वरची जाड सालं) आणून प्रत्येक आळ्यात दाटीने पालथी घातली, वर पातेऱ्याचा, वाळक्या पानांचा, थर. आधी रोज पाणी घालूनही संध्याकाळी अबोली मान टाकायची. आता एक दिवसाआड पुरतं, कारण ऊन थेट मातीला लागत नाही. आमच्याकडे जांभ्यावर माती जेमतेम वीतभर, ती तापली की मुळांना पळायला जागा नाही. एक सांगून ठेवते: सोडण हाताने उचलू नका, काठीने उलटा. आम्हाला दोनदा विंचू दिसला.

तुमच्याकडे कसं चाललंय? तुम्ही स्वतः काय करता तेवढंच लिहा, ऐकीव उपाय नकोत.

वेंगुर्ले

आमचं सुरंगीचं झाड जुनं, त्याला कोणी पाणी घालत नाही. प्रश्न पाण्याचा नाही, माणसांचा. कळ्या फांद्यांना चिकटून येतात आणि उमलायच्या आत काढाव्या लागतात. उशीर झाला की मधमाश्या येतात, मग हात घालायची सोय नाही. म्हणून अंधारात शिडी लावायची. वर नवरा, खाली जुनं लुगडं पसरून मी आणि नणंद. सासूबाई खळ्यात (अंगणात) बसून केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्यात वळेसर (गजरे) करतात. सोप आधी भिजवून घ्यायचा, नाहीतर तुटतो. गेल्या वर्षी नणंद मुंबईला होती, निम्म्या कळ्या झाडावरच फुलून गेल्या. सासूबाई आठ दिवस पुटपुटत होत्या, "इतक्या फुलला, पण येक वळेसर घरात नाय."

देवगड

जास्वंदीवर माझं काहीही चालत नाही. पाणी मी घालतो, खत मी घालतो, कळ्या वानर खातात. मुलांना सुट्टी लागली की दगडी गडग्यावर बसवतो पत्र्याचा डबा देऊन. पहिले दोन दिवस उत्साह, तिसऱ्या दिवशी डबा वाजवणारे आंब्याखाली झोपलेले.

श्रीवर्धन

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी मोडल्या. सगळे पोफळींचं बोलत होते, आईचं दुःख वेगळंच. पोफळींच्या सावलीत तिची अबोली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांवर पहिल्यांदाच दिवसभराचं ऊन पडलं आणि पानं करपली. आम्ही पाणी वाढवत गेलो, आणखी वाईट झालं. शेवटी बाबा म्हणाले, पाणी कमी पडत नाहीये, सावली कमी पडतेय. चार बांबू रोवून त्यांनी पडलेल्या माडांच्या झावळांचा मांडव घातला. सुकलेल्या झावळा दुपारी वाऱ्यावर उडायच्या, मी आणि भाऊ सुंभाने पुन्हा बांधायचो. अबोली वाचली. नव्या पोफळी अजून लहान आहेत, त्यामुळे दर होळीनंतर मांडव आलाच. भाऊ पुण्याला गेला, आता बांधायला वहिनी असते. तिची गाठ आमच्यापेक्षा पक्की.

मालवण

घर किनाऱ्यालगत. एप्रिल संपता संपता विहिरीचं पाणी मचूळ होतं, गुलाबाच्या पानांच्या कडा जळतात. दोन वर्षं हट्ट केला, मग गुलाब सोडला. कण्हेर, सदाफुली, बोगनवेल यांना ते पाणी चालतं. घरात यावर एकमत नाही.

राजापूर (सध्या ठाणे)

आई गावात एकटी, गुडघे धरलेले. बटमोगऱ्याची सहा झाडं तिने लावलेली. मी दरवर्षी मे महिन्यात जाऊन भरपूर पाणी घालायचो आणि फुलं दहा-बारा. तिने फोनवर सुनावलं, "मेमध्ये पाणी ओतून काय उपयोग, थंडीत पाणी तोडायचं असतं." या जानेवारीत मुद्दाम दोन दिवस काढून गेलो. तिने डिसेंबरपासूनच पाणी बंद केलेलं, झाडं मरगळलेली. ओट्यावर बसून ती सांगत होती, मी कात्री चालवत होतो: जुन्या काड्या काढ, शेंडे छाट, उरलेली पानं ओरबाड. झाडांचं टक्कल झालं, मला वाटलं संपलं सगळं. मग बुंध्यापासून हातभर अंतर सोडून माती उकरली, शेणखत घातलं, पाणी सुरू केलं. शेजारच्या दोन पोरांना तिने रोज दोन कळश्या ठरवून दिल्या, बदल्यात कोकमाचं सरबत. मार्चअखेर फुटव्यांवर कळ्या आल्या. काल तिने व्हिडिओवर परडी दाखवली, काठोकाठ. पोरांनी मात्र सरबताऐवजी आता आइस्क्रीम मागितलंय.

गुहागर

राजापूरचा अनुभव सासऱ्यांना वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांना विचार, पाऊस लागला की बटमोगऱ्याच्या चार काड्या देतील का." जागाही ठरली म्हणे, अनंताच्या शेजारी. पाण्याचं विचारलं तर म्हणाले, "जाऊबाईंचं धुवण आहे ना."