फायरडॅम्प म्हणजे 'आगीचा ओलावा'?

वाटाड्या: परवा इंग्लंडच्या कोळसा खाणींवरचा एक मराठी लेख वाचला, त्यात फायरडॅम्पचं भाषांतर 'आगीचा ओलावा' केलंय, वाचून खरंच वाईट वाटलं. अहो तिथल्या जुन्या खाणकामगारांचा डॅम्प म्हणजे ओल नाहीच, घातक हवा! जर्मनमधे आजही डाम्फ म्हणजे वाफ, त्याच घराण्यातला शब्द. ओलसर हा अर्थ नंतरचा. फायरडॅम्प म्हणजे मिथेन, पेटतो. ब्लॅकडॅम्प म्हणजे कार्बन डायऑक्साइड नि नायट्रोजन, माणूस गुदमरतो. नि स्फोटानंतर उरतो तो आफ्टरडॅम्प, आगीतून वाचलेले त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने जायचे. २५ मे १८१२ ला फेलिंगच्या खाणीत ९२ जण गेले, पोरंसुद्धा होती त्यात, आणि आपण ओलावा लिहितो?

सुमेधा_क: नाही पटलं. अर्थ वापराने ठरतो, मुळाने नाही. मृग म्हणजे एकेकाळी कुठलंही रानटी जनावर, आज हरीणच ना? आज डॅम्प म्हणजे ओलंच.

वाटाड्या: मग मृगेंद्र म्हणजे हरणांचा राजा का? सिंहच ना! जुना अर्थ जोडशब्दात टिकून राहतो, फायरडॅम्पमधे तेच झालंय. पियानोचा डॅम्पर बघा, तो तार भिजवत नाही, तिचा आवाज दाबतो.

रानफूल: डॅम्प आणि आपलं दमट एकच असणार, मला तर खात्री आहे.

सुमेधा_क: नुसत्या आवाजावरून नातं नका लावू हो. संस्कृत धूम आणि इंग्रजी फ्यूम (धूर) यांचं नातं खरं आहे, ते भाषाशास्त्रात सिद्ध आहे. आणि वाटाड्या, मृगेंद्र मान्य, ओलावा चूकच. पण मग सरळ मिथेन लिहा, मराठी वाचकाला डॅम्प हवाय कशाला?

चांदा_कोळसा: माझे वडील चंद्रपूरकडे अंडरग्राउंडला होते, त्यांच्या तोंडी फक्त 'गॅस'. गॅस लिहा, सगळ्यांना कळतं.

वाटाड्या: दादा, पण कुठला गॅस? त्या लोकांकडे मीटर नव्हते, १८१५ ला हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाचा जाळीचा दिवा आला तो एवढाच आधार, मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढायची आणि ब्लॅकडॅम्पमधे ज्योत मंद होऊन विझायची, म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव. 'गॅस' म्हटलं की हा फरकच जातो.

चांदा_कोळसा: टोपीचं वडीलही सांगायचे, ज्योत बारीक करून बघायची म्हणून. मग फायरडॅम्पच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'पेटणारी खाणहवा' असं लिहा.