मदत हवी आहे : जपानच्या वर्क व्हिसाची प्रतीक्षा आणि सध्याची नोकरी

नमस्कार. मी सोलापुरात जुळे सोलापूर भागात राहते आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. जपानमधील एका शाळेने एप्रिलच्या सत्रासाठी माझी निवड केली असून, तेथील इमिग्रेशन विभागाकडे शाळेने माझ्या ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’साठी (व्हिसाआधी लागणारे पात्रता प्रमाणपत्र) अर्ज केला आहे. या प्रक्रियेला साधारण १ ते ३ महिने लागतात आणि ते प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय मुंबईच्या जपानी वकिलातीतील व्हिसा अर्जाचा टप्पा सुरू होत नाही.

आता इमिग्रेशनने शाळेमार्फत माझे १२ वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागितला आहे. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यमाचा रकाना कोराच आहे. मुख्याध्यापक लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र द्यायला तयार आहेत. परंतु तेवढे पुरते का, की अकरावी-बारावीसाठी वेगळे पत्र लागते?

दुसरे असे, की येथे राजीनाम्यापूर्वी महिनाभराची नोटीस द्यावी लागते, आणि बारावीची मुले बोर्डाच्या तोंडावर असताना त्यांना अधांतरी सोडणे मला मुळीच मान्य नाही. व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर उमटेपर्यंत राजीनामा थांबवावा काय? या मार्गाने गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.