जुन्या ऑक्टाव्हिया आरएसच्या जाळीमागं कॅमेरा लपवलाय, पण चित्र जेलीसारखं हलतंय

जालन्याचा_आरएस

राम राम मंडळी. माझ्याकडं स्कोडाची पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हचं इंजिन, १५० पीएस, पाच गिअर. सेकंड हँड घेतली. घरातल्या माणसांपेक्षा तिचेच लाड जास्त होतात, असं बायकोचं म्हणणं. ऑक्टाव्हियाची जुळणी आपल्याच शेंद्र्यात व्हायची, म्हणजे मराठवाडा हे तिचं माहेर. त्यामुळं विकायचा विषय नाही.

मला शूटिंग पाहिजे ते बंपरच्या उंचीवरून. काचेच्या आतून रस्ता सगळेच दाखवतात. दौलताबादला किल्ल्याच्या तटबंदीच्या दरवाज्यातून रस्ता जातो ना, तो दरवाजा जमिनीपासून हातभर उंचीवरून अंगावर यायला पाहिजे आणि पुढं लगेच खुलताबादचा घाट लागला पाहिजे. (रविवारी कुणी ट्राय करू नका. दरवाज्यात बसगाड्या अडकतात आणि तासभर फक्त हॉर्न रेकॉर्ड होतो.)

आधी सक्शन कपवाला कॅमेरा बॉनेटवर लावायचो. पंपावर गाडी उभी केली की चार पोरं जमायची, "भैया, ड्रोन हाय का?" वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, "गाडीला गळू झालंय का रे?" मग एप्रिलमध्ये समृद्धीवर तो कप सुटला. सकाळी गार पत्र्यावर बसवला होता, बारा वाजता पत्रा तव्यासारखा. आत उरलीसुरली हवा फुगली असणार, पकड गेली. आरशात बघितलं तर कॅमेरा टप्पे खात मागं चाललेला आणि त्याच्यामागं सळईचा ट्रेलर. थांबून बघायची हिंमत झाली नाही.

म्हणून आता अंगठ्याएवढा बुलेट कॅमेरा घेतलाय. लेन्सचा तुकडा वेगळा, रेकॉर्डर वेगळा, मधे वायर. बंपरच्या खालच्या काळ्या जाळीमागं केबल टायनं बांधला. उकिडवं बसून शोधलं तरी सापडत नाही, इतका झकास लपलाय. पण व्हिडिओ बघवत नाही. गाडी नुसती न्यूट्रलला उभी असताना समोरचा विजेचा खांब नागिणीसारखा डुलायलाय. २५०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) पुढं डुलणं जातं आणि बारीक लहरी सुरू होतात, तापलेल्या डांबरावर दिसतात तशा. टाय आवळले. डबल टेप लावली. मागं स्पंज घातला, त्यानं तर पार वाट लागली.

कुठं बसवू? आणि आवाजाचंही सांगा. नुसता वाऱ्याचा घोंघाट येतोय, टर्बोची शिट्टी नावालाही नाही.

शूटिंगवाला_परभणी

गाडीतलं मला कळत नाही, मी लग्नाची शूटिंग करतो. पण हा रोग ओळखीचा आहे. बँडच्या गाडीवर कॅमेरा बांधला की हेच होतं.

ह्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत येतो. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत कॅमेरा केसभर जरी सरकला, तरी खांबाचा वरचा भाग एकीकडं आणि खालचा दुसरीकडं. आता हिशोब करा. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठोके देतं. ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ ठोके, ३००० ला १००. तुमचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल. २७ आणि ३० जवळजवळ आहेत, म्हणून न्यूट्रलला मोठी संथ लहर दिसते. आरपीएम वाढले की एकाच फ्रेममध्ये तीन-चार हेलकावे बसतात, त्या तुमच्या बारीक लहरी.

स्पंज काढून टाका. एवढ्याशा हलक्या कॅमेऱ्याला स्पंज म्हणजे झोका.

उन्हाचाही वाटा आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये असा कॅमेरा शटर आपोआप १/२००० सेकंदावर नेतो. प्रत्येक हादरा धारदार दिसतो. लेन्सपुढं एनडी १६ ची काळसर काच लावली की उजेड सोळावा भाग आत येतो, शटर १/१२५ वर उतरतं. लहर जात नाही, पण पुसट होते आणि रस्ताही पळताना दिसतो. संध्याकाळी मात्र ती काच काढायची. एकदा मी विसरलो होतो, अख्खी वरात काळी.

पाना_पक्कड_लातूर

दादा, तुमचं बंपर प्लास्टिकचं आहे आणि जाळी त्याहून पातळ. डफाच्या कातड्यावर कॅमेरा बांधायलाव आणि हलतो म्हणायलाव!

बंपर उतरवा. आत गाडीच्या सांगाड्याला धरलेला आडवा धातूचा बीम दिसेल. कॅमेरा त्याला धरायचा, प्लास्टिकला शिवायचंच नाही. जाळी फक्त लपायला. भोक मात्र पाडू नका, तो बीम ठोकर खायला ठेवलेला असतो. यू-बोल्टनं किंवा पाइपाच्या क्लॅम्पनं जाड पट्टी आवळा आणि पट्टीवर कॅमेरा. पट्टी जितकी आखूड तितकं बरं. वीतभर लांब काढली तर टोक पुन्हा नाचणार. आणि वजनदार घ्या. हलक्या वस्तूला हादरा लगेच हलवतो, जडाला दमवावं लागतं. जालन्यात राहून लोखंडाला काय तोटा?

तुमच्या गाडीत अजून एक बघायचं. इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी, बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढं बसतो. तिकडं हवा नेणाऱ्या वाटेत कॅमेरा, पट्टी, वायरचं गुंडाळं, काही येऊ देऊ नका. व्हिडिओपायी टर्बोचा श्वास कोंडायचा नाही. मधल्या भागात, रेडिएटरच्या पुढं बसवा. लोक म्हणतात रेडिएटरजवळ तापेल. पुढच्या अंगाला तसं होत नाही, पंखा हवा पुढून आत ओढतो, कॅमेऱ्यावरून बाहेरचीच हवा जाते. गाडी बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं धग येते खरी, म्हणून बॅटरीवाला कॅमेरा तिथं नको. तुमचा रेकॉर्डर वेगळा आहे ते बरंय. तो ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका.

वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातल्या रबरी ग्रोमेटमधून आत घ्या. ग्रोमेटच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल, आत येणार नाही. रेडिएटरच्या पंख्यापासून हातभर लांब. करंट चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजवरून, स्वतंत्र ३ अँपिअरचा फ्यूज घालून. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावायचा नाही म्हणजे नाही. डायरेक्ट बॅटरीवर टाकणारे लई बघितले. ५ वॉटचा रेकॉर्डर म्हणजे ०.४ अँपिअर. दिवसाला १० अँपिअर-तास गेले. आठवडाभर गाडी उभी राहिली की धक्का स्टार्ट.

कन्नडकर

माझं थोडं वेगळं. कॅमेरा लपवा, पण नंबर प्लेटच्या अक्षरांवर कणभर काही येऊ देऊ नका. आणि रेकॉर्डरमध्ये जीपीएसचा वेग छापला जात असेल तर लक्षात ठेवा, तो पुरावा तुमच्याच विरोधात आहे. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. व्हिडिओ टाकणारे स्वतःच्या हातानं पंचनामा लिहून देतात. माइक आत ठेवणार असाल तर शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर मेहुण्याच्या गप्पा चुकून सगळ्या गावाला ऐकू जातील.

जालन्याचा_आरएस

कन्नडकर, शर्यतीचं वय गेलं हो. दौलताबादच्या दरवाज्यातून दुसऱ्या गिअरमध्येच जावं लागतं. वेगाची छपाई बंद केली.

परभणीकर, २७ आणि ३० चं गणित वाचून रात्री अकराला गाडी चालू करून बसलो. आरपीएम थोडे वर धरले की खांबाच्या डुलण्याचा ताल बदलतो! बायकोनं खिडकीतून विचारलं, पोलिस बोलावू का.

लातूरकर, आवाजाचं राहिलं.

पाना_पक्कड_लातूर

माइक पुढं ठेवलात तर वाराच येणार. वायपरखाली जी जाळी असते तिच्या आत ठेवा, फोमची टोपी घालून. तिथं वारा थेट लागत नाही, उष्णता बेताची असते आणि एअर फिल्टरच्या डब्याचा श्वास चांगला ऐकू येतो. शिट्टी तिथूनच मिळेल. पाणी वाहून जायच्या वाटेत मात्र ठेवू नका.

अजून एक. कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलंय म्हणून वॉशिंग सेंटरला बिनधास्त सोडू नका. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. प्रेशरच्या फवाऱ्याची ती परीक्षा नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या लेन्समध्ये असंच पाणी शिरलं आणि वर्षभर तो धुक्यातून गाडी चालवतोय असं वाटायचं.

जालन्याचा_आरएस (बारा दिवसांनी)

झालं एकदाचं. बंपर उतरवायला दोन तास आणि चढवायला चार. एक क्लिप तुटली, एक उरली, कुठली ते कळलं नाही.

ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ मिलिमीटर जाडीची, ४० रुंदीची पट्टी कापून एल आकारात वाकवून घेतली. एलची एकेक बाजू जेमतेम चार बोटं, वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. त्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला एवढ्याचं बिल लिहायला पेन शोधावा लागंल. पहिल्यांदा आवळली तेव्हा पट्टीचं टोक जाळीला टेकत होतं, बाहेरून काही दिसलं नाही, पण व्हिडिओत निम्मी थरथर शिल्लक. बोटभर मागं घेतली. आता कॅमेरा आणि जाळी यांच्यात काडीपेटीची काडी आडवी जाते.

२५०० च्या पुढच्या लहरी गेल्या. साफ. माइक वायपरखाली, शिट्टी अशी येतीये की कुकर लावलाय. १०८० ला तासाला ७ जीबीच्या आसपास जातात, ६४ चं कार्ड मला पुष्कळ.

पण न्यूट्रलला खांब अजून थोडा डुलतोच. बीमवर बसवूनही!

पाना_पक्कड_लातूर

मग कॅमेरा बरोबर आहे, गाडीच थरथरायली. चालू गाडीत बीमला हात लावून बघा. इंजिन धरून ठेवणारा खालच्या बाजूचा माउंट तपासा, हाडकासारखा दिसतो तो. एवढ्या जुन्या गाडीत त्याचं रबर शिल्लक असंल तर नवलच.

जालन्याचा_आरएस

तोच निघाला. रबर बुशला इकडून तिकडून चीर, पेचकस घातला तर आरपार. गिअर टाकताना खालून 'ठक्' व्हायचं, ते मी दोन वर्षं क्लचच्या नावावर घालत होतो. नवा बसवला. खांब सरळ.

काल पहाटे पावणेसहाला दौलताबाद गाठलं. रस्त्यावर एक दूधवाला आणि मी. परत आल्यावर टीव्हीला लावून वडिलांना दाखवलं. ते चहा पीत होते. दरवाजा जवळ आला, कमान वरून जायला लागली आणि त्यांनी कप सांभाळत मान खाली घातली.