केबलचे कुलूप कापले गेले. आता कोणते घ्यावे?

प्रश्न : आर्वीची एस.टी. फाट्यावरूनच मिळत असल्यामुळे मुलगी रोज तेथील कडुनिंबाला सायकल बांधून शाळेत जाते. परवा बुंध्याशी फक्त कापलेली केबल सापडली. आता कोणते कुलूप टिकेल?

उत्तर : दादा, केबल म्हणजे बारीक तारांचा पीळ, वरचे प्लास्टिक तिला उगाच जाड दाखवते, आणि कुंपणाची तार कापायच्या पकडीनेही ती थोडी थोडी करत तुटते. कडक पोलादाची साखळी घ्यावी. दुकानदाराने परवानगी दिली तर कडीवर कानस फिरवून पाहावी. चरा पडला, तर पोलाद मऊ आहे.

उत्तर : कानशीची कसोटी योग्यच आहे, परंतु जाडीही पाहावी, कारण ८ मिलिमीटरची कडी मोठ्या बोल्ट कटरपुढे, म्हणजे लोखंड कापायच्या लांब दांड्यांच्या कातरीपुढे, सहसा टिकत नाही. शिवाय साखळी भुईवर लोळू देऊ नये; कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून चोर अंगाचा सगळा भार दुसऱ्यावर टाकतो.

उत्तर : बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे, म्हणजे फिरत्या चकतीने लोखंड कापणाऱ्या यंत्रापुढे, बहुतेक साखळ्या एक-दोन मिनिटांत हरतात. मात्र त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत, म्हणून सायकल आडोशाला न बांधता चहाच्या टपरीसमोर बांधावी.

प्रश्नकर्ता : टपरीवाल्या काकांनी त्यांचा लोखंडी खांब वापरायला होकार दिला आहे.