वर्षासाठी एक शब्द: तुमचा कोणता, आणि तो नेमका कुठे उपयोगी पडला?

नव्या वर्षाचे संकल्प कसे मोडले, यावर लिहून लिहून सगळे दमलेत. म्हणून यंदा वेगळं विचारते. संकल्पांची यादी न करता वर्षभरासाठी एकच शब्द निवडायचा, अशी एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या स्क्रॅपबुकवाल्या अली एडवर्ड्स 2006 पासून ती चालवतायत आणि त्यांच्यामुळे ती बरीच पसरली. उद्दिष्ट नाही, आकडा नाही, नुसता शब्द. कुणी करून पाहिलं असेल तर लिहा. मात्र "खूप सकारात्मक वाटलं" एवढ्यावर सुटका नाही, प्रसंग हवा.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या वर्षी माझा शब्द होता 'पुरे'. मी भाषांतराची कामं करते आणि तयार झालेला मजकूर माझ्या हातून सुटत नाही. स्वल्पविराम काढायचा, परत घालायचा. फाइलींची नावं 'अंतिम', 'अंतिम 2', 'खरंच अंतिम' अशी. आता तिसऱ्या वाचनानंतर फाइलला 'पुरे' असं नाव द्यायचं आणि पाठवून मोकळं व्हायचं. तक्रारी वाढल्या नाहीत, म्हणजे पुढचे सगळे हात मी स्वतःच्या समाधानासाठी फिरवत होते. कामाबाहेर मात्र या शब्दानं काडीचाही फरक पडला नाही. कपाट आवरायला बसले की मध्यरात्र होते ती होतेच.

०

माझा 'थांब'. घरात वयात आलेला मुलगा आहे आणि माझं तोंड डोक्याच्या आधी सुटतं. शब्द नुसता मनात ठेवून काही होईना, म्हणून त्याला जागा दिली: मुलाच्या खोलीच्या दाराची कडी. कडीला हात लागला की एक श्वास, मग आत. आत गेल्यावर पहिलं वाक्य प्रश्नाचं नको, कारण माझे प्रश्न म्हणजे आरोपच असतात. ("हे अजून असंच पडलंय?") सुरुवातीला त्याला वाटलं, बाबा दाराआड उभं राहून ऐकतात. त्यावरून एक स्वतंत्र भांडण झालं. पुढे तो मनातलं सगळं सांगायला लागला वगैरे लिहिलं असतं, पण तसं काही झालेलं नाही. आवाज तेवढे खाली आले. हिच्या मते हेही काही कमी नाही.

०

मला हा प्रकार पटत नाही, तरी लिहितो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं 1999 मध्ये 'जर-तर' बेतांवर लेख लिहिला होता. "मी व्यायाम करीन" असं मोघम ठरवण्यापेक्षा "अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी जाऊन तमुक करीन" असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता जास्त, असं त्यात मांडलंय. वरचे दोन्ही अनुभव परत वाचा. फाइलचं नाव आणि दाराची कडी, काम यांनी केलं. शब्द नुसता मिरवायला.

०

अहो, पण कडी कुठली धरायची हे त्या शब्दानंच सुचवलं ना?

मी निवृत्त, एकटी राहते. माझा शब्द होता 'माग'. कुणाला आपला त्रास नको, यातच आमचा जन्म गेला. त्या वर्षी काय काय मागितलं ते वहीत टिपून ठेवलंय. घट्ट बसलेलं झाकण उघडून मागितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब घालायला शेजारच्या मुलीला बोलावलं, ती रोज येताना आपला अभ्यासही घेऊन यायला लागली. बसमध्ये बसायला जागा मागितली. फोनवरचा फॉर्म भरून घेतला, तोही पोरानं दोनदा समजावून सांगितल्यावर तिसऱ्यांदा "परत सांग" म्हणून. आणि धाकट्या बहिणीला म्हटलं, त्या जुन्या गोष्टीबद्दल तू माझी माफी मागायला हवी होतीस. तिनं मागितली नाही. पण इतकी वर्षं फोनवर हवापाण्याचंच बोलायचो, ते संपलं. आता याचा जर-तर बेत कसा आखायचा? झाकण कुठल्या दिवशी अडकणार ते आधी थोडंच कळतं!

०

आजी, वहीची कल्पना उचलली.

०

आम्ही घरातल्या चौघांनी मिळून एकच शब्द घेतला, 'संयम'. जो तो तो दुसऱ्याला ऐकवायला लागला. जानेवारी संपायच्या आत रद्द.

०

'पुन्हा'. मी धावते. एक दिवस चुकला की "गेलंच आता" म्हणून सगळं सोडून द्यायची माझी जुनी खोड. एकवीस दिवसांत सवय लागते हे ऐकून ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःवरच चिडायचे. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. 96 जण होते. नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यक काढला तर 66 दिवस, आणि माणसामाणसांत फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. मधली एखादी खेप चुकली तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. शब्द निवडला तो या शेवटच्या मुद्द्यामुळे. बुटांच्या आतल्या बाजूला पेनानं लिहिला होता, घामानं केव्हाच पुसला गेला.

०

जानेवारीत 'विस्तार' घेतला होता, धंदा वाढवायचा म्हणून. एप्रिलमध्ये बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. तो शब्द तेव्हाच सुटला, आणि खरं सांगायचं तर भिंतीवर चिकटवलेला दिसला की राग यायचा. मग सकाळी त्यांना डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला शिकवताना ते स्वतःच म्हणायला लागले, "आज हे एक." गळ्याजवळचं सगळ्यात अवघड, म्हणून खालून सुरुवात. बटण काजात अर्धं शिरायचं आणि निसटायचं. मी हात पुढे केला की डोळे वटारायचे. उरलेल्या वर्षाचा माझा शब्द 'आज' झाला. निवडला कुणी म्हणायचं, मी की त्यांनी? मध्येच बदललेला चालतो का, असं कुणी विचारलं तर माझ्या मते बदलावाच लागतो.

०

निवड कशी करायची याबद्दल माझं एक मत आहे. भारदस्त शब्द टाळा. 'समृद्धी', 'तेज' असले शब्द कुणाला सांगायला बरे, पण मंगळवारी दुपारी त्यांचं करायचं काय? आपण सारखी कशाबद्दल कुरकुर करतो ते घरच्यांना विचारावं, शब्द तिथेच सापडतो. मी विचारलं. दोन उरलेत, 'नको' आणि 'चल'. बायको म्हणते, कुठलाही एकच घे. दोन्ही घेतलेस तर आत्ता आहेस तसाच राहशील.